वरचा बरगा

रोझालिया प्लुता ज्या वाटेने जंगलात शिरायची त्या वाटेने कधी परत यायची नाही. गावाला हे ठाऊक होतं, आणि गावाला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून ती कधी स्मशानाच्या मागून आत जायची, तर कधी सायकल चर्चच्या कुंपणाला टेकवून, जणू मेणबत्ती लावायला आली आहे अशी, मागच्या मागे नाहीशी व्हायची. वाटेत कोणी भेटलंच तर थांबून हवापाण्याचं बोलायची आणि ते माणूस दिसेनासं होईपर्यंत जागची हलायची नाही. टोपली डाव्या हातात, टोपलीवर नेच्याची पानं. आत काय आहे आणि किती आहे, ते कोणी विचारायचं नाही.

तोर्फिस्को गावात अळंबीच्या जागा कोणी कोणाला सांगत नाही. नवरा बायकोला सांगत नाही. जमिनीची वाटणी होते, गायींची होते, आईच्या कानातल्यांवरून भावंडं कोर्टात जातात. जागेची वाटणी होत नाही. ती मरणाऱ्याने एकाच माणसाच्या कानात सांगायची असते. रोझालियाच्या आईने ती रोझालियाच्या कानात सांगितली होती, तोंडाला औषधाचा वास येत असताना, आणि सांगून झाल्यावर तिचा हात इतका घट्ट धरला होता की नखांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते.

जागा म्हणजे फार काही नाही. आल्डरच्या झाडांची दलदल जिथे संपते आणि पाइनची लागवड जिथे सुरू होते तिथला गवताचा एक पट्टा, दोन खाटा मावतील एवढा. सप्टेंबर लागला की तिथे रिद्झ उगवायची. नारिंगी अळंबी, चिरली की गाजराच्या रसासारखा चीक येतो. लोण्यात परतायची, वर मीठ, दुसरं काही नाही. रोझालियाचा नवरा इग्नात्सी जिवंत होता तोवर ताटात पडलेलं निमूट खायचा आणि कुठून आणलीस असं विचारायचा नाही. त्याला बरा नवरा म्हणायला तिला एवढं पुरेसं होतं.

संशय घ्यायचा तिला पगार मिळत असे. पंचवीसएक वर्षं ती गावाच्या दूध संकलन केंद्रावर होती. उभं गाव सकाळी कॅन घेऊन तिच्यासमोर रांगेत उभं राहायचं आणि ती त्या दुधात काचेची नळी सोडायची. नळी खाली बुडाली की दुधात पाणी. माणसाच्या तोंडाकडे बघायची गरज नसे, तरी ती बघायची. पाणी घालणारे बहुधा हसतमुख असतात, हे तिथे तिला कळलं. एकदा सासऱ्याचं दूध तिने परत पाठवलं. सासरा मरेपर्यंत तिच्या हातचा चहा प्यायला नाही, आणि तीही तोवर त्याला चहा विचारत राहिली.

पाण्याबद्दल बोलायला येणाऱ्या माणसांवर तर तिचा मुळीच विश्वास नव्हता. ती लहान असताना असाच एक इंजिनियर आला होता, टोपी घातलेला. दलदल सुकवू, म्हणाला, कुरण होईल, वर्षाला तीनदा गवत कापाल. मागून खोदाईचं यंत्र आलं. बापाने इतर बाप्यांबरोबर फावडं घेऊन त्या मोठ्या चराला जाऊन मिळणारे लहान चर खणले. दोन उन्हाळे गवत झालं, कबूल केलं पाहिजे, खूप झालं. मग काळी माती सुकून तिचा भुगा झाला आणि भुगा उडायला लागला. तो पडद्यांवर बसायचा, लोण्यात दिसायचा. करकोचे दुसरीकडे गेले. बापाने विहीर आणखी खोल केली, मग पुन्हा आणखी खोल केली. रोझालियाला बापाचा चेहरा आठवत नाही. विहिरीच्या तळातून वर येणारा त्याचा आवाज आठवतो.

त्यामुळे वनखात्याने अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा बोलावली तेव्हा ती मागच्या बाकावर, दाराजवळ बसली. सरपंचबाई हालिनाने केक ठेवला होता, कॉफी ठेवली होती. फुकट केक बघून तिला आणखीच वाईट शंका आली.

नवा वनपाल, दामियान सोखा नावाचा पस्तिशीचा माणूस, पुढे उभा राहिला. "पूर्वी बर्फ पडायचं, ते हळूहळू वितळायचं आणि जमिनीत मुरायचं," तो म्हणाला. "आता बर्फच नाही. पाऊस येतो तो एकदम येतो आणि या चरांतून सरळ नदीत जातो. पाइनवर बांडगुळं चढलीत ती तुम्ही बघताच आहात. तहानलेल्या झाडावर ती आधी चढतात. आपण फक्त चरांना छोटे बांध घालायचे. कंबरेएवढे. दोन खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक लाकडी बरगे. पाणी जिथे पडलं तिथेच थोडं थांबेल."

"चर खणले कोणी होते?" रोझालियाने मागून विचारलं.

"सरकारनेच, काकू."

"आणि आता बुजवतंय कोण?"

"बुजवत नाही. अडवतोय."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला आमचं पाणी नको होतं, आणि आता हवंय. मधल्या काळात आमच्या विहिरी कोण प्यायलं?"

हॉल हसला. सोखाही जरा हसला. "मी तेव्हा जन्मलो नव्हतो, काकू."

"हो. दर वेळी तुम्ही न जन्मलेलाच माणूस पाठवता."

सभा संपली, केकही संपला, आणि गावाने आपापली मतं घरी नेली. कोणी म्हणालं, कुरणं बुडवतील आणि मग मातीमोल भावाने घेतील. कोणी म्हणालं, वॉर्साच्या लोकांना तळ्याकाठी बंगले बांधायचे आहेत. बांध पुरा झाल्यावर रोझालिया एकटी जाऊन बघून आली. ओकचे खांब, दगड, चिकणमाती, ओल्या लाकडाचा वास. काम वाईट नव्हतं, आणि हे तिला आवडलं नाही. तिने वरच्या बरग्यावरून नजर सरळ रेषेत आत जंगलात नेली, आल्डरच्या बुंध्यांमधून, जिथवर पाणी मागे चढणार तिथवर. नजर जाऊन थेट जागेवर टेकली.

एक बरगा जास्त होता. तेवढाच.

तिने तो काढला नाही. काढायचा विचार केला, आणि पुष्कळदा केला.

मे महिन्यात तो कोणीतरी काढला. सोखाने पुन्हा बसवला, पुन्हा निघाला. उन्हाळाभर हे चाललं. दुकानात त्यावर गंमत सुरू झाली.

"बीव्हरचं काम आहे," कोणी म्हणालं.

"बीव्हर लाकूड खातो," सरपंचबाई म्हणाली. "वाळत घालत नाही."

ते खरं होतं. काढलेला बरगा फेकलेला नसायचा. तो गवतात सपाट ठेवलेला असायचा, खाली दोन काटक्या, लाकूड वाकू नये म्हणून. काढणाऱ्याला बांधाचा राग असेल, लाकडाचा नव्हता. गावातलंच माणूस, जुन्या वळणाचं, ज्याच्याने कशाचीच नासाडी बघवत नाही असं. असं म्हणताना दुकानातली माणसं ब्रेड निवडणाऱ्या रोझालियाकडे बघायची नाहीत. तिच्या पाठीला ते न बघणं बरोबर कळायचं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सोखा तिच्या घरी आला. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि काचेच्या पेल्यात चहा दिला.

"झाडाला कॅमेरा लावला होता," तो म्हणाला. "रानडुकरांसाठी."

"रानडुकरं बरगे काढतात?"

"तेच बघायचं होतं."

त्याने फोन टेबलावर ठेवला. फोटोत धुकं होतं आणि धुक्यात एक बाई पाठमोरी: करडा रेनकोट, डोक्याला रुमाल, डाव्या हातात टोपली.

"या तुम्ही आहात का, रोझालियाबाई?"

तिने चष्मा आणला, पुसला, घातला. "मागून सगळ्या बायका सारख्याच दिसतात. विधवा तर जास्तच."

"मला पोलिसांत जायचं नाहीये. पण पुढच्या वेळी जावं लागेल. मला एवढंच सांगा, तुम्ही पहाटे जंगलात कशाला जाता?"

"पाय मोकळे करायला."

"टोपली घेऊन?"

"रिकाम्या हाताने गेलं की लोक म्हणतात, हिला काही काम नाही."

"आणि जाता एका वाटेने, येता दुसऱ्या. मी बघितलंय."

"मग तुम्हीच सांगा पहाटे तुम्ही तिथे कशाला असता."

तो हसला नाही. फोन उचलून उभा राहिला. "विचार करा. परवा मी ऑफिसात आहे."

तो गेल्यावरही ती बसून राहिली. चेहरा दिसण्याची गरजच नव्हती. टोपलीवर नेच्याची पानं होती आणि त्यांचे देठ बाहेरच्या बाजूला काढून कडीखाली खोचलेले होते, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून. हे तिच्या आईचं खोचणं. आईने ते दोनच मुलींना शिकवलं होतं. एक या टेबलाशी बसली होती. दुसरी, धाकटी, लेओकादिया, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, आणि तिला जंगल आवडत नव्हतं, तिला गोचीड चावायचे, असं ती गेली तीस वर्षं सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना रोझालिया बांधाशी एका पडलेल्या बुंध्यामागे बसली. धुक्यातून आधी रबरी बुटांचा आवाज आला, मग रेनकोट. लेओकादियाने टोपली खाली ठेवली, वाकली, वरच्या बरग्याला हात घातला आणि त्याला हलके हलके डोलवून बाहेर काढू लागली, दाताचा डॉक्टर काढतो तसा.

"गोचीड कसे आहेत, लोद्झिया?"

लेओकादिया दचकली नाही. बरगा हातात धरून उभी राहिली. "मला वाटलंच होतं, इथे येणारं दुसरं कोणीतरी आहे. तू असशील असं वाटलं नव्हतं."

"तुला जागा कोणी सांगितली?"

"जिने तुला सांगितली तिने."

"आई मला म्हणाली, फक्त तुला सांगतेय. लोद्झियाला कळलं तर अख्खं चर्च टोपल्या घेऊन येईल."

"मला म्हणाली, रुझियाला सांगू नकोस. ती जागा बरोबर थडग्यात नेईल."

आल्डरवरून पाणी टपकत होतं. दोघी आपापल्या आठवणीतल्या आईकडे बघत राहिल्या.

"दोन्ही खरंच म्हणाली ती," लेओकादिया म्हणाली.

"दर नाताळला मी तुला एक बरणी देते. बिचारी, म्हणून देते."

"चांगली असते. मीठ जरा जास्त पडतं तुझ्या हातून."

"तू घेतेस कशाला मग?"

"नाही म्हटलं असतं तर तुला संशय आला असता."

किती वर्षं शरदात रोझालिया त्या पट्ट्यावरून जवळजवळ रिकाम्या हाताने परतली होती. प्रत्येक वेळी आकाशाला, चरांना, सरकारला, इंजिनियरच्या टोपीला शिव्या घालत आली होती. "मी म्हणत होते, दुष्काळ पडलाय," ती म्हणाली. "निम्मा दुष्काळ तू होतीस."

"आणि माझा तू."

"बरगा का काढतेस?"

"जागा बुडेल म्हणून. दुसरं कशासाठी? तू काढला नाहीस?"

"नाही."

"म्हणजे उन्हाळाभर मी एकटीच."

मग जागेवर जाऊन बघायचं ठरलं. पुढे कोणी चालायचं यावरून दोघी अडल्या. पुढे चालणारीची वाट मागचीला कळली असती, आणि मागे राहणारी काय करते ते पुढचीला दिसलं नसतं. शेवटी एकाच माणसाच्या पायवाटेवरून त्या शेजारीशेजारी चालत गेल्या, एक गवतातून, एक चिखलातून.

जागा होती तशीच होती, म्हणजे वाईट. बरगा उन्हाळाभर निघत राहिल्याने पाणी केव्हाच ओसरलं होतं आणि शेवाळ पायाखाली टोस्टसारखं मोडत होतं. पण पाइनच्या बुंध्यांवर, घोट्याइतक्या उंचीवर, करडी रेघ होती. बरगा असताना पाणी तिथवर येऊन थांबलेलं. अळंबी एकही नाही.

"ठेवला तर बेडूक," लेओकादिया म्हणाली. "काढला तर राख."

"अर्धा हवा." रोझालियाने बुटाचं टोक रेघेच्या खाली, मातीत टेकवलं. "इथवर आलं तर पुरे. मुळांना ओल मिळेल, पाय बुडणार नाहीत."

"मग सांगू त्या वनपालाला. मी बोलते त्याच्याशी. मला बोलता येतं लोकांशी."

हेच तर होतं. लोद्झियाला लोकांशी बोलता यायचं. ती सोखाला बरग्याचं सांगेल, मग बरगा कशासाठी ते सांगेल, मग आईचं सांगेल, डोळे पुसेल, आणि रविवारी प्रार्थना संपली की अर्धं गाव टोपल्या शोधायला माळ्यावर चढेल. रोझालियाने बहिणीकडे बघितलं. खोटेपणा त्या तोंडावर कुठेच नव्हता. गेली तीस वर्षंही नव्हता.

"तू घरी जा," ती म्हणाली. "कोणाशी काही बोलू नकोस. मी बघते."

ठरल्या दिवशी ती वनपालाच्या ऑफिसात गेली, या खेपेला सरळ, मोठ्या रस्त्याने. टेबलावर नकाशा पसरलेला होता. ती बसली नाही.

"फोटोतली बाई मीच."

सोखाने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचा रेनकोट निळा आहे."

"दोन आहेत."

"मग परवा का नाही सांगितलंत?"

"परवा मला खोटं बोलायचं होतं."

"आणि आज?"

"आज मला बरगा अर्धा करून हवाय. उभा चिरून. खालचा भाग तुमचा, वरचा काढून टाका."

"अर्धाच का?"

"पुरा ठेवलात तर कोणीतरी काढणार. अर्धा ठेवलात तर कोणी हात लावणार नाही."

"कोणीतरी म्हणजे?"

"मी. आत्ताच सांगितलं ना."

सोखा नकाशावर झुकला. त्याचं बोट निळ्या रेघेवरून आल्डरच्या दलदलीत गेलं, तिथून गावाच्या विहिरींपर्यंत आलं. त्या वीतभर पाण्यासाठी त्याने वरिष्ठांशी वाद घातला असावा. बोट तसं जड चाललं होतं. "पुरा बरगा चार दिवस राहण्यापेक्षा," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला, "अर्धा वर्षभर राहिला तर पाणी जास्त साठेल." मग मान वर केली. "एका अटीवर. पानं अडकतात, फांद्या अडकतात. बांधाकडे तुम्ही लक्ष ठेवायचं. आठवड्यातून एकदा साफ करायचा. करायला जमेल?"

"जमेल."

"तुमच्यावर विश्वास ठेवू?"

"ठेवू नका. येऊन बघत जा."

गोष्ट दुकानात पोचायला वेळ लागला नाही. पोलिसांत काही गेलं नाही, पण गावाला पोलिसांची गरज नव्हती. "रोझालियाबाई," ब्रेडच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "जन्मभर आमच्या दुधातलं पाणी पकडलंत. आता जंगलातलं सोडायला लागलात?" ज्यांचं दूध तिने परत पाठवलं होतं त्यांची मुलं, नातवंडंही त्या रांगेत होती. सगळे हसले. कोणाच्या चुलत्याने म्हणे तेव्हाच सांगितलं होतं की ती नळीच खोटी आहे. तिने ब्रेड घेतला, सुटे पैसे मोजून घेतले आणि बाहेर पडली. एवढ्या वर्षांत तिच्याकडे आपलं नाव ही एकच वस्तू अशी होती जिच्यात कोणी पाणी घालू शकलं नव्हतं, आणि ती तिने स्वतःच्या हाताने देऊन टाकली होती. लेओकादिया त्याच रांगेत, चार माणसं मागे उभी होती. ती जन्मात पहिल्यांदा काही बोलली नाही. घरी जाताना रोझालियाला त्या गप्प बसण्याचाही संशय येत राहिला.

ऑक्टोबरात पाऊस आला, हल्ली येतो तसा, एकदम आणि रागाने. पूर्वी असा पाऊस झाला की रात्रीतून चर फुगायचे आणि दोन दिवसांत रिकामे व्हायचे. आता पाणी अर्ध्या बरग्याशी येऊन अडलं, पातळ काचेसारखं त्याच्यावरून घरंगळायला लागलं, आणि बाकीचं आल्डरच्या बुंध्यांमध्ये शांत उभं राहिलं. रोझालियाने दाताळ्याने पानं काढली. मग लेओकादियाची वाट बघत थांबली, कारण आता ठरलेलं होतं की जायचं ते दोघींनी मिळून.

जागेवर पाणी पाइनच्या अलीकडे, पाऊलभर खाली येऊन थांबलं होतं. शेवाळ फुगलं होतं. आणि गवतात रिद्झ होत्या. फार नाहीत. एक मोठी, कड उलटलेली, उद्यापर्यंत जून होईल अशी, आणि तिच्याभोवती पाचसहा लहान, अजून गवताच्या पात्याखाली.

लेओकादियाने चाकू काढला. "वाटून घेऊ."

"राहू देत," रोझालिया म्हणाली.

"सगळ्या?"

"मोठी जून होऊन गळून पडू दे. तिचं बी पसरेल. लहानग्याही राहू देत. इतकी वर्षं दोन चाकूंनी खरवडलीये ही जमीन, एकदा तरी सोड."

"आणि उद्या तू येऊन घेऊन गेलीस तर?"

"आणि तू आलीस तर?"

दोघींनी त्या अळंब्यांकडे बघितलं. मग लेओकादियाने चाकू मिटला. परतताना रोझालियाने दोनदा मागे वळून बघितलं. एकदा जागेकडे, एकदा बहिणीकडे.

दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आधी उठली. बूट घातले, रेनकोट घातला, आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. बांध साफ करायचा दिवस आज नव्हता. आज जंगलात जायला तिच्याजवळ कुठलंही कारण नव्हतं, एकच सोडून. आत्ता गेली तर जागेवर लहान रिद्झ तरी दिसतील, नाहीतर कापलेले देठ तरी, आणि मग तिला कळेल. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. नळी सोडली होती आणि वाचली होती.

गावाच्या दुसऱ्या टोकाला छपरांवर उजेड येत होता. लेओकादियाच्या धुराड्यातून धूर निघाला, आधी काळा, मग पांढरा. म्हणजे ती घरी होती. म्हणजे तिने चूल पेटवली होती. पण चूल पेटवूनही माणूस बाहेर पडू शकतं.

रोझालिया धुराकडे बघत बराच वेळ बसून राहिली. मग वाकून तिने एक बूट काढला, आणि थोड्या वेळाने दुसरा.